कारण एक, कायदा दुसरा : धर्मश्रद्धा, मत आणि गोवंश

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. माणसाने आपल्या धर्मश्रद्धेप्रमाणे मत द्यावे का, आणि सरकारने कायदे करताना लोकांची धर्मश्रद्धा विचारात घ्यावी का? बहुतेक लोक हे दोन्ही एका दमात विचारतात. आम्हाला ते दोन वेगळे प्रश्न वाटतात. आज मुख्यतः दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे, म्हणून पहिला आधी उरकून घेऊ.

मतदान केंद्रात पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो. त्या आडोशामागे आपण कोणत्या कारणाने बटण दाबले हे कोणी विचारत नाही, विचारू शकत नाही. कुलदैवताला स्मरून दाबले, जातीकडे बघून दाबले, रस्ता झाला म्हणून दाबले, की उमेदवाराचा चेहरा आवडला म्हणून, मत एकच मोजले जाते. आपला कायदा अडवतो तो मत मागणाऱ्याला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) नुसार धर्माच्या नावाने मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. यावरचे गाजलेले खटले आपल्या मुंबईतलेच. विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीवरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीतून निघालेला मुद्दा सात न्यायाधीशांपुढे गेला आणि जानेवारी 2017 मध्ये चार विरुद्ध तीन असा सुटला : उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. सत्तावीस वर्षे! तोवर त्या मतदारसंघात किती निवडणुका होऊन गेल्या ते तुम्हीच मोजा.

पण या सगळ्यात मत देणाऱ्याला कोणी हात लावलेला नाही, आणि ते योग्यच आहे असे आम्ही मानतो. मताला कारण द्यावे लागत नाही. कायद्याला द्यावे लागते. कारण कायदा ज्याने मत दिले त्याच्यावर पडतो, तसाच ज्याने विरुद्ध मत दिले त्याच्यावरही पडतो. त्या दुसऱ्या माणसाला दंड करायचा, तुरुंगात घालायचे, त्याचा धंदा बंद करायचा, तर ‘आम्ही जास्त होतो’ एवढे उत्तर पुरत नाही. मग कसले उत्तर पुरते?

इथे जॉन रॉल्सचे नाव घ्यावे लागते. ‘पोलिटिकल लिबरॅलिझम’ हा त्याचा ग्रंथ 1993 चा, आणि ‘सार्वजनिक विवेक’ या कल्पनेची फेरमांडणी करणारा त्याचा निबंध 1997 चा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. राज्यघटनेचे मूलभूत प्रश्न आणि न्यायाचे पायाभूत प्रश्न ठरवताना आपण एकमेकांना अशी कारणे द्यावीत, की जी दुसऱ्या श्रद्धेच्या माणसालाही कारण म्हणून मानता येतील. माझ्या पोथीत असे लिहिले आहे, हे कारण ज्याची पोथी वेगळी त्याच्यापुढे चालत नाही. नंतरच्या निबंधात त्याने थोडी ढील दिली : धार्मिक कारण जरूर बोला, मात्र यथावकाश त्याच्या जोडीला सर्वांना चालेल असे कारणही ठेवा. युर्गेन हाबरमासने आणखी मोकळीक दिली. सामान्य नागरिकाने आपल्या श्रद्धेच्या भाषेत बोलावे, त्याच्यावर ओझे नको. पण संसद आणि न्यायालय यांच्या उंबरठ्यावर त्या म्हणण्याचे भाषांतर झाले पाहिजे. आत प्रवेश फक्त भाषांतरित कारणाला.

या विचारात एक सभ्यता आहे, हे आधी कबूल करू. आम्ही कित्येक वर्षे हे वर्गात शिकवले आणि आदराने शिकवले. तरी या भाषांतराच्या अटीत एक खोट आहे. ती ग्रंथ वाचून दिसत नाही, एखादा कायदा जन्मापासून आजपर्यंत तपासला की दिसते. आपण गोवंशहत्याबंदीचा कायदा घेऊ. गाय मारावी की मारू नये हा आजचा विषय नाही, तेवढे कृपा करून लक्षात ठेवा. विषय आहे कारणाचा.

24 नोव्हेंबर 1948. संविधान सभा. पंजाबचे पंडित ठाकुरदास भार्गव एक दुरुस्ती मांडतात, जी पुढे अनुच्छेद 48 झाली. तिचे शब्द नीट बघा. सुरुवात होते शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्यापासून. मग जातिवंत गुरांचे जतन. आणि शेवटी, त्या शास्त्रीय वाक्याच्या शेपटाला, गाई-वासरे आणि दुभती व जुंपणीची गुरे यांच्या हत्येला मनाई. भार्गवांनी भाषणात भर दिला तो शेतीवर, दुधावर, आरोग्यावर. हे मूलभूत हक्कांत यावे अशी अनेकांची इच्छा होती. ते सोडून मार्गदर्शक तत्त्वांवर समाधान मानणे हा आमच्यासारख्यांचा एक प्रकारचा त्यागच आहे, असेही ते म्हणाले. आता विचार करा. शेती आधुनिक करण्यासाठी कोणाला त्याग करावा लागतो? तो शब्द आला दुसऱ्याच ठिकाणाहून. सेठ गोविंददासांनी तर संस्कृती आणि धर्म यांचा उल्लेख उघडच केला, आणि डॉ. रघुवीर ब्रह्महत्या व गोहत्या एका पारड्यात ठेवून बोलले. पण कलमात यातले काही आले नाही. कलमात आले पशुपालन. हाबरमासचा लेख येण्याच्या पन्नासाहून अधिक वर्षे आधी आपल्या सभागृहात भाषांतर असे पुरे झाले होते.

आणि त्याच दिवशी त्या भाषांतरावर आक्षेपही नोंदवला गेला. तो घेतला दोन मुसलमान सदस्यांनी. संयुक्त प्रांताचे झहीरुल हसनैन लारी आणि आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला. लारींचे म्हणणे, बहुमताला बंदी हवी असेल तर आम्ही आड येत नाही, पण मग ती स्वच्छ, निःसंदिग्ध शब्दांत लिहा. बकरी ईदच्या वेळी जागोजागी मनाई हुकूम निघतात, माणसे अडचणीत येतात. काय चालेल आणि काय नाही ते एकदाचे कळू द्या. सादुल्ला आणखी पुढे गेले. आपण तौलनिक धर्माचे विद्यार्थी आहोत असे सांगून ते म्हणाले, की हा आमच्या धर्माचा भाग आहे असे तुम्ही उघड म्हणालात तर मी विरोध करणार नाही. पण तुम्ही ते अर्थशास्त्रावर उभे करता, तेव्हा धार्मिक भावना मागच्या दाराने आत आणली जाते आहे असा संशय येतो.

ही भाषणे आम्ही अनेकदा वाचली आहेत. रॉल्सच्या पुस्तकाप्रमाणे, परक्या धर्माचे कारण ऐकून ज्याला अपमान वाटायला हवा तो माणूस म्हणतो आहे, धर्माचे कारण सांगा, मी समजून घेईन. आणि ज्या कारणाने त्याचा मान राहावा अशी अपेक्षा, त्या कारणानेच त्याला फसवल्यासारखे वाटते आहे. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारत असल्याचे एका वाक्यात सांगितले आणि ती मंजूर झाली.

इथे भार्गवांना दांभिक ठरवण्याची घाई नको. ते शेतकऱ्यांच्या मुलखातले होते, आणि शेतकऱ्याच्या घरात गाय ही देव आणि भांडवल एकदमच असते. ‘गोधन’ या शब्दातच दोन्ही आले. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावायची, पुरणपोळीचा घास द्यायचा, पाया पडायचे. आणि तोच बैल कामातून गेला, की काळजावर दगड ठेवून बाजारात उभा करायचा. यात त्या माणसाला विसंगती वाटत नाही. भाषांतराची अट गृहीत धरते की श्रद्धेची एक भाषा आणि व्यवहाराची दुसरी, आणि मधे उंबरठा. आमच्या खेड्यातल्या माणसाला तो उंबरठा सापडतच नाही. तत्त्वज्ञाने त्याला दोन वाक्ये करायला लावली, आणि मग त्यातले एकच आत घेतले.

आता हे आत घेतलेले वाक्य पुढे न्यायालयात गेले. 1958 चा मोहम्मद हनीफ कुरेशी खटला. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या खाटकांनी बंदीला आव्हान दिले होते. त्यांचा धर्माचा मुद्दा न्यायालयाने फेटाळला : ईदला गाईऐवजी बकऱ्याची कुर्बानी चालते, तेव्हा गाईची सक्ती नाही. (म्हणजे श्रद्धेत काय सक्तीचे आणि काय ऐच्छिक हे न्यायमूर्तींनी ठरवले. त्यावर एक वेगळे व्याख्यान होईल, आज सोडून देऊ.) मग न्यायालय अर्थशास्त्राकडे वळले, आणि प्रामाणिकपणे वळले. चारा किती, गुरे किती, निरुपयोगी जनावर कामाच्या जनावराचा चारा कसा खाते, हे सगळे तपासले. हिंदूंची गाईबद्दलची भावना हा अनेक घटकांपैकी एक म्हणून लक्षात घ्यावा, पण नुसत्या भावनेवर निकाल देता येत नाही, असे म्हटले. निकाल असा : गाई आणि वासरे यांवरची पूर्ण बंदी वैध, बैल, वळू आणि म्हशी यांवरची बंदी ते उपयोगी असेतोवरच वैध. उपयोग संपल्यावरही मारायला बंदी, हे जनहिताचे नाही.

हा भाषांतराच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि तो दडवणे बरे नाही. व्यवहाराचे कारण दिले म्हणून ते मोजता आले, आणि मोजल्यावर त्याला मर्यादा घालता आली. श्रद्धेचे कारण कसे मोजणार?

ठीक. पण मोजमाप विरुद्ध गेल्यावर काय झाले ते बघा. राज्यांनी ‘उपयोगी’ या शब्दाचे वय वाढवले. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाने वीस वर्षे, बिहारने पंचवीस! बैल तेवढा जगला तर ना. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादा अवाजवी ठरवल्या. पुढे गुजरातने 1994 मध्ये बैलांवर सरसकट बंदी आणली, आणि 2005 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने ती उचलून धरून 1958 चा तो भाग बदलला. आता कारण काय? शेण आणि मूत्र. म्हातारा बैलही शेण देतो, म्हणून कोणताच बैल निरुपयोगी नसतो. शेणाचे मोल कोहिनूर हिऱ्याहून जास्त असल्याचा उल्लेखही त्या निकालपत्रात आहे. शेणाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. शेणखताची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. आमचा मुद्दा तर्काचा आहे. आधी कारण होते दूध आणि नांगर. ते संपले तेव्हा कारण बदलले, मागणी मात्र तसूभर हलली नाही. जे कारण खोटे ठरले तरी मागणी तशीच उभी राहते, ते कारण त्या मागणीचे नव्हतेच.

ही साधी कसोटी आम्ही विद्यार्थ्यांना देत असू : तुमचे हे कारण उद्या चुकीचे निघाले, तर तुम्ही मागणी सोडाल का? या कसोटीला दोन माणसे उतरतात, आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाची आहेत. एक सावरकर. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करा, पूजन नको, असे ते उघड म्हणाले; म्हणजे उपयोग हेच त्यांचे खरे कारण, आणि त्याच्या मर्यादाही त्यांना मान्य. दुसरे गांधी. गोरक्षण हा माझा धर्म आहे असे ते आयुष्यभर म्हणाले, आणि नेमक्या त्याच कारणाने 1947 च्या जुलैमधल्या प्रार्थनासभेत त्यांनी सांगितले, की हा देश केवळ हिंदूंचा नाही, माझा धर्म मी दुसऱ्यावर कायद्याने कसा लादू? दोघांनी आपापले कारण स्वतःच्या नावाने सांगितले, आणि दोघांनाही त्या कारणाने कुठेतरी थांबवले. अनुच्छेद 48 ला मात्र कुठेच थांबवता येईना.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे 1976 च्या कायद्याने गाईची हत्या बंद होती. बैल-वळूंना बंदीत आणणारी दुरुस्ती विधिमंडळात 1995 मध्ये झाली आणि राष्ट्रपतींची संमती मिळून मार्च 2015 मध्ये लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये हत्येवरची बंदी कायम ठेवली. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र खासगीपणाच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केले. या सरसकट बंदीत म्हैस नाही, रेडा नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय? त्यात सगळेच आहे. दूध हे कारण असेल तर म्हैस दूध कमी देते का? शेण हे कारण असेल तर रेड्याचे शेण काय वाईट? ज्या रेड्याच्या तोंडून ज्ञानोबांनी वेद वदवले अशी आपली कथा सांगते, त्याला 1958 च्या निकालातला अर्थशास्त्राचा आधार लागू होतो, पण आपल्या कायद्याचा आसरा मिळत नाही. कारणाचे माप आणि कायद्याचे माप जुळत नाही. जिथे ते जुळत नाही, तिथे खरे कारण कुठेतरी दुसरीकडे आहे असे समजावे.

असू दे की, कोणी म्हणेल. कारण कोणते लिहिले याने काय बिघडते? भावना तर खरी आहे ना? बिघडते ते असे, आणि आजच्या सगळ्या बोलण्यात हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लिहिलेल्या कारणावर खर्च कोणाचा ते ठरते. कायदा म्हणाला, की ही आमची श्रद्धा आहे आणि तिच्यासाठी तुमचा बैल तुम्ही विकू नका, तर शेतकरी विचारू शकतो : मग त्याच्या कडब्याचे पैसे कोण देणार? कुरेशी विचारू शकतो : माझ्या धंद्याची भरपाई? चामड्याचे काम करणाराही विचारू शकतो. ज्याची श्रद्धा त्याने तिचा भार उचलावा, हे कोणालाही पटते. पण कायदा म्हणतो, बैल तुझ्याच फायद्याचा आहे! मग भरपाई कसली? उलट तुझे भले केले. कायदा लागू झाला त्याच वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. दावणीला चारा नाही, विहिरीला पाणी नाही, आणि म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून नवा घ्यायची जी जुनी रीत, ती मोडलेली. सरकारने चारा छावण्या काढल्या, पण त्या दुष्काळाच्या खात्यावर. कायद्याच्या खात्यावर खर्च शून्य. भाषांतर इतके सोयीचे असते.

रॉल्सवर अन्याय नको म्हणून एक सांगितले पाहिजे. आपण देतो ते कारण मनापासून मानलेले असावे अशी त्याची अट आहे. त्याच्या कसोटीवरही आपले कलम नापास झाले असते. पण मन कोण तपासणार? नियम असा करायचा की विशिष्ट वेषातच आत येता येईल, आणि मग लोक वेष बदलतात म्हणून नीतीचे पाठ द्यायचे. आमचा रोख माणसांवर नाही, त्या नियमावर आहे.

खरा आक्षेप याहून कठीण आहे. श्रद्धेची कारणे उघडपणे आत घेतली तर ज्यांची डोकी जास्त, त्यांच्या पोथ्याच कायदा होतील. ही भीती खोटी नाही. पण उघड बोलण्याने वाटाघाट होते, हेही आपण पाहिले आहे. जादूटोणाविरोधी विधेयकाला वारकरी मंडळींनी विरोध केला तो आडून नाही. आमची वारी, आमचे कीर्तन, आमच्या देवाचे काही यात अडकेल, असे ते सरळ म्हणाले. भीती समोर होती म्हणून तिला उत्तर देता आले. मसुदा आखडला, कोणती कृत्ये गुन्हा ते अनुसूचीत एकेक करून लिहिले गेले, आणि वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असे कलमच आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ही किंमत कोणत्याही वाटाघाटीत बसत नाही, आणि ती विसरून त्या कायद्याचे गोडवे गाऊ नयेत. पण मसुद्यापुरते बोलायचे तर धर्माचे म्हणणे धर्माच्याच नावाने मांडले गेले आणि त्याला कलमात उत्तर मिळाले. वारकऱ्यांना कोणी म्हणाले नाही, की आधी तुमच्या विठ्ठलाचे अर्थशास्त्रात भाषांतर करून आणा.

कोणी विचारेल, मग गोवंशाच्या बाबतीत असे उघड का बोलत नाहीत? एक कारण घटनेतच आहे. अनुच्छेद 27 नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास कर घेता येत नाही. श्रद्धा हेच कारण लिहिले की हा प्रश्न उभा राहतो, आणि कायद्याचा पायाच तपासला जातो. पशुपालन लिहिले की कोणी विचारत नाही. भाषांतराची अट श्रद्धेला लगाम घालायला आली होती. इथे तीच श्रद्धेच्या कायद्याचे चिलखत झाली.

अलीकडे मात्र भाषा थोडी उघडी होते आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. सादुल्लांना जे ऐकायचे होते त्याच्या जवळ जाणारा हा शब्द, शहात्तर वर्षांनी. तरी त्या निर्णयातही प्राचीन संस्कृतीतल्या स्थानाच्या जोडीला दुधाची उपयुक्तता, पंचगव्य आणि सेंद्रिय शेती आहेतच. ‘देशी’ म्हटल्यामुळे गोठ्यातली जर्सी बाहेर राहिली. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज पन्नास रुपये अनुदान मंजूर केले. श्रद्धेच्या नावासमोर पहिल्यांदाच एक ठळक आकडा आला, हे आम्ही चांगलेच मानतो. फक्त तो मिळतो गोशाळेला. लातूरच्या शेतकऱ्याने तोच कडबा आपल्याच दावणीच्या कामातून गेलेल्या बैलाला घातला, तर त्याच्यासाठी त्या निर्णयात काही नाही.